बिनकुलपाचा काटा

११ सप्टेंबर २००७. पोळा.
दुकान अर्धा दिवस उघडं ठेवलं. गिऱ्हाईक आलं नाही. एरवीही येत नाही, पण सणाच्या दिवशी न येण्याला जरा प्रतिष्ठा असते. समोरून बैल गेले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पुढे डफडं. वर्षभर राबवायचं आणि एक दिवस ओवाळायचं. ही पद्धत फक्त बैलांसाठी आहे असा माझा समज होता, धंद्यात पडेपर्यंत.

सुनंदाचा नागपूरहून फोन. तिची शाळेची नोकरी आणि मृणूची अकरावी तिकडे. इकडे मी आणि 'तोल', माझा वजनकाट्याचा प्रोग्राम. "काय जेवलात?" सांगितलं. मग म्हणाली, "दादाच्या क्लासला कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवाय. दिवाळीनंतर. तो तुमच्यासाठी थांबलाय हो."

बघू म्हणालो. 'बघू' हा शब्द नसता तर आमचा संसार

(राहू दे.)

१३ सप्टें.
यूपीएसची बॅटरी मेली. आता कॉम्प्युटर आणि वीज मंडळ यांच्यात मध्यस्थ कोणी नाही. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात येतं. पेपरातली तेवढीच एक बातमी शब्दशः खरी निघते.

१७ सप्टें.
मोतीशेठच्या जिनिंगवर गेलतो, देखभालीच्या कराराचं विचारायला. गावातल्या निम्म्या जिनांना कुलूप लागलंय. भाव असतो तेव्हा कापूस नसतो, कापूस असतो तेव्हा भाव नसतो, आणि दोन्ही नसतात तेव्हा दिल्लीची माणसं येऊन बोंडाला हात लावून फोटो काढतात. चालू आहेत त्यांत मो.शेठची जिन मोठी. त्यांच्या वजनकाट्यावर पहिल्या दिवसापासून तोल आहे. गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, उतरली की रिकामं, ओल-कचऱ्याची कटती म्हणजे वजावट, आणि कापूस आणणाऱ्याला वाचता येईल अशी मराठी पावती.

त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. प्रोग्राम फुकट आहे. उघडा आहे. कोणीही घ्यावा, आतलं वाचावं, बदलावं, वाटलं तर विकावं. अट एकच, पुढच्यालाही तसाच उघडा द्यायचा. माझं पोट चालतं ते मांडून देण्यावर आणि वर्षभर सांभाळण्यावर.

शेठनी शांतपणे ऐकलं. ते नेहमीच शांतपणे ऐकतात, म्हणून तर शेठ आहेत.

"भाऊ, धर्माच्या गाईचे दात कोनी मोजते का?"
"नाही मोजत."
"मंग! आन् तुमी त् चाऱ्याचं बिल घेऊन आले!"

दिवाणजी हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं, माझं असतं तर मीच छापलं असतं.

निघताना चहा, वर शेला. दर वर्षी मुहूर्ताला शेला, टोपी, नारळ. मला भटजीसारखं मानतात, फक्त भटजीला दक्षिणा असते. शेल्यांची मी उशी करून घेतलीय. झोप चांगली लागते, सन्मानावर.

२० सप्टें.
तोलचं चर्चापीठ उघडून तीन वर्षं झाली. अडचण विचारा, सुधारणा सुचवा, आपलेपणाने या, असं वर लिहिलंय. सदस्य दोन. एक मी. दुसराही मीच, पासवर्ड विसरलो होतो तेव्हाचा. पहिल्याने प्रश्न विचारलेत, दुसऱ्याने उत्तरं दिलीत. दोघांचे संबंध चांगले आहेत.

आज दुसऱ्याने पहिल्याला विचारलं, हंगाम कसा दिसतो? पहिल्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

२८ सप्टें. घाटंजी.
सकाळच्या एसटीने गेलो. बापूसाहेबांच्या जिनवर तोल जुना, करारही जुना, म्हटलं निदान इथे. काट्याच्या खोलीत गेलो तर नवीन कॉम्प्युटर, नवीन पडदा, कोपऱ्यात रंगीत स्टिकर लावलेला खोका.

बापूसाहेब खुशीत. "या या. हे पुण्याचं आनलं. पैसे लागले, पन वस्तू भारी हाय. कुलूप हाय याले!"

कॉम्प्युटरच्या मागे बोटभर चावी खोचलेली. ती काढली की प्रोग्राम बंद.

"हे पाहा, काढली. झालं बंद. लावली. झालं सुरू." दोन-तीनदा करून दाखवलं. नातवाचं खेळणं दाखवावं तसं. "तुमच्याले त् कुलूपच नाई ना, भाऊ. ज्याले कुलूप नाई त्याच्यात चोरन्यासारखं काय असन?"

म्हटलं एक पावती तरी काढून दाखवा, नव्या हंगामाची पहिली. काढली.

श्री. वजन सव्वा किलो.

कागद हातात धरून बसलो.

हे मोतीशेठमुळे झालेलं. हंगामाची पहिली पावती माणसाच्या नावाने फाडायची नाही, देवाच्या नावाने फाडायची. पहिल्या गाडीतली ओंजळभर सरकीसकट कापूस देवाचा, त्याचं वजन सव्वा किलो धरायचं, ही त्यांच्या आजोबांपासूनची रीत. पण मोठा काटा दहा किलोच्या खाली बोलतच नाही. म्हणून देवासाठी प्रोग्राममध्ये वेगळी ओळ लिहिली. मीच लिहिली. त्या दिवशी शेजारी विजय बसला होता, तेव्हाचा माझा मदतनीस, आता पुण्याच्या कंपनीत.

बापूसाहेब म्हणाले, "पाहा, पुन्याच्या लोकायले बी आपल्या देवाचं किती!"

हो म्हणालो. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली.

२ ऑक्टो.
विजयला फोन. चार वर्षं याच टेबलाच्या पलीकडे बसायचा. डबा एक, खुर्च्या दोन. पुण्याला गेला तेव्हा "सर, एका वर्षात येतो" म्हणून गेला. आता 'काहून' जाऊन 'का बरं' झालंय.

"सर, रागावलात का बरं?"
म्हटलं, देवाची ओळ तरी काढायची होतीस.
"काढणार होतो. पण ती कशासाठी आहे ते ऑफिसात कोणाला सांगता आलं नाही. म्हणून कोणी हात लावायला तयार नाही. राहू दिली."

म्हणजे आमच्या प्रोग्राममधली पुण्याला न कळलेली एकच ओळ शाबूत राहिली. धार्मिक वाङ्मय असंच टिकत असावं.

अट मोडली आहेस, म्हटलं. उघडं घेतलंस, बंद करून विकलंस.
"कोर्टात जाल? यवतमाळच्या वकिलाला आधी हे समजावून सांगा, सर. मग मीच तुमच्या बाजूने साक्षीला येतो."

वाईट हे की त्याचा आवाज ऐकून बरं वाटलं.

१२ ऑक्टो. घट बसले.
वि. आला. गाडी घेऊन. टेबलाच्या पलीकडे बसला, तिथेच. खुर्ची तीच, कुरकुरली तशीच.

कागद काढून ठेवला. कंपनीला विदर्भात माणूस हवा, जिनांवर जाऊन मांडून देणारा, सांभाळणारा. महिन्याचा पगार. म्हणजे आत्ता करतो तेच काम, कुलूप लावून. बदल्यात एकच गोष्ट करायची. तोल नेटवरून उतरवायचा. चर्चापीठ, कोड, सगळं. फुकटात तीच वस्तू उभी असली तर त्यांची विकली जात नाही.

"मी हे उतरवू?"
"सर, ते पाहते कोण?" रागात त्याची पुण्याची इस्त्री मोडते. "मेंबर दोन. दोन्ही तुमीच. मले माहीत नाही का? दुसरं खातं मीच काढून देल्लं होतं तुम्हाले!"

हे मी विसरलो होतो.

"कोनाचं नुकसान होऊन राह्यलं सांगा. एक नाव सांगा मले."

रस्त्यावरून देवीची मिरवणूक चाललेली, ती बघायला उठून दारात गेलो.

"पाडव्यापर्यंत सांगा. मग ते दुसऱ्याला घेतील." उठताना खुर्चीची पाठ थोपटली त्याने. म्हणाला, "ही अजून दुरुस्त नाही केली?" स्क्रू-ड्रायव्हर मागायला लागला. त्याला म्हटलं, राहू दे. ती कुरकुरतीच बरी.

१५ ऑक्टो.
मोतीशेठनीही पुण्याचं घेतलं. दिवाणजींनी बाजारात सांगितलं, तेही नजर भाजीकडे ठेवून. "शेठ म्हनले, घाटंजीवाल्यापाशी कुलूप हाय अन् आपल्यापाशी नाई, हे बरं नाई दिसत."

१८ ऑक्टो.
कागद टेबलावर. त्याच्यावर कप ठेवला नाही, एवढा मान दिला.

सु.चा फोन. दादाला हो सांगू का? मृणू मागून ओरडली, "बाबा, या ना! इथे लाइट जात नाही!" स्वर्गाचं इतकं नेमकं वर्णन कोणत्या पोथीत नसेल.

वि.च्या कागदाचं सांगितलं. सु. म्हणाली, "मग ते तरी करा. काहीतरी करा. एकट्यानेच करायचं असेल तर ते इथेही करता येईल तुम्हाला." तिला टोचायचं नव्हतं. म्हणून टोचलं.

२१ ऑक्टो. दसरा.
सकाळी दिवाणजींचा फोन. "भाऊ, जरा येता का? जरा म्हनजे आत्ताच या."

जिनच्या फाटकाबाहेर गाड्या रस्त्यापर्यंत. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एक मेटॅडोर. मुहूर्त साधायला माणसं पहाटेपासून आलेली. काट्याच्या खोलीत शेठ, भटजी, दिवाणजी. तिघांची तोंडं एकाच मापाची.

झालं असं की दसऱ्याला शस्त्रं पुजतात. तराजू पुजतात, मापं पुजतात, जिनचे पट्टे पुजतात. यंदा कॉम्प्युटरची चावीही पाटावर. सगळ्यांत महाग वस्तू तीच, म्हणून मध्यभागी. हळद-कुंकवाआधी स्नान, शुद्धोदकस्नानं समर्पयामि. शास्त्राप्रमाणे पंचामृत आधी. दही चावीच्या तोंडात गेलं. पुसून खोचली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि प्रोग्रामने डोळे मिटले.

पुण्याच्या ऑफिसला सुट्टी. विजयचा फोन लागेना.

"म्या विचारलं होतं," भटजी म्हणाले. "म्हटलं शेठ, फक्त फूल वाहू का? शेठ म्हनले, पैसे फुलाचे नाई देल्ले."

बाहेर आरडाओरडा. "ओ शेठ! मुहूर्त गेला ना बाप्पा! का संक्रांतीले मोजता?"

मो.शेठनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बिल न दाखवता.

पिशवीत तोल होताच. तो कुठे जातो. मांडला, काट्याची तार जोडली, प्रिंटर बोलायला लागला. पहिली पावती: श्री, सव्वा किलो. भटजींनी तिच्यावर कुंकू लावलं, लांबून. मग पहिली गाडी चढली. बाहेर टाळ्या वाजल्या. मुहूर्तासाठी होत्या, मला माहीत आहे. तरी खिडकीपाशी उभा राहिलो थोडा वेळ.

शेला, टोपी, नारळ.

म्हटलं, शेठ, आता तरी करार करू.
"भाऊ, तुमचे उपकार हायेत. मी नाई म्हनतो का?" माझा हात हातात घेतला. "पन एक सांगू? कुलूप लावा. मंग पैसे मागायले तुमालेच बरं वाटन."

२३ ऑक्टो.
पुण्याहून नवीन चावी आली. तोल पुन्हा पिशवीत.

२६ ऑक्टो.
कुलूप करून पाहिलं. अवघड नाही. मोजून थोड्या ओळी. चालवलं आणि मलाच आत जाता येईना, अंक चुकीचा टाकला. दार ठोठावणारा मी, आत कोणी नाही.

काढून टाकलं.

३१ ऑक्टो.
चर्चापीठावर पहिल्याने दुसऱ्याला विचारलं, उतरवू का? दुसऱ्याने लिहिलं, तुझं तू पाहा. हा दुसरा अलीकडे विजयसारखा बोलतो.

७ नोव्हें. धनत्रयोदशी.
आज धातू घ्यायचा दिवस. बाजारात वाटी-चमच्याला गर्दी. मी पितळी कुलूप घेतलं, मुठीएवढं, दोन किल्ल्यांचं. दुकानदार म्हणाला, "घराले का गोदामाले?" म्हटलं, कॉम्प्युटरला. त्याने सुटे पैसे देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

कल्पना अशी. या लोकांना पैसे कुलपाचे द्यायचे आहेत ना? देऊ देत. कुलूप माझं, किल्ल्या त्यांच्याच, बंद काहीच करत नाही, सोबत वर्षभराचा देखभाल करार. प्रोग्राम उघडाच. टेबलाला टांगा आणि पुजा, दही घाला, तूप घाला, गंजणार नाही.

रात्री सु.ला सांगितलं. खूप दिवसांनी खळखळून हसली. मग म्हणाली, "आणि खरंच घेतलं त्यांनी तर?" या शक्यतेचा आम्ही दोघांनीही थोडा वेळ आदराने विचार केला.

९ नोव्हें. लक्ष्मीपूजन.
कुलूप घेऊन गेलो. मो.शेठ इतके हसले की दिवाणजींनी पाणी आणलं. हातात घेऊन वजन पाहिलं, किल्ली फिरवली, खटका ऐकला.

"भारी हाय."
"करार सोबत आहे, शेठ. दोघं मिळून."
"ठेवा. पूजेत ठेवतो."

ठेवलं, वह्यांच्या शेजारी. हळद-कुंकू झालं. चमकत होतं. करार झालाच असं मी मनात धरलं, म्हणजे धरलंच. माणूस दिव्यांच्या उजेडात काहीही धरतो.

पूजा झाली. शेठनी तिजोरीतून नोटा काढल्या, मोजल्या, पाकिटात घातल्या. दोन्ही हातांनी दिलं. मीही दोन्ही हातांनी घेतलं.

फाटकाबाहेर येऊन उघडलं. कुलपाचे पैसे होते. बाजारभावाने, वर शकुनाचा रुपया. करार पाकिटातच, घडी न मोडलेला, बिनसहीचा.

फटाके फार होते. बरंच झालं.

१० नोव्हें. पाडवा.
आज वि.ला उत्तर. उद्या भाऊबीज, सु.च्या दादाकडे जेवण, तिथेच क्लासचं पक्कं करायचं. साडेचारच्या नागपूर गाडीचं रिझर्व्हेशन. ही चुकली तर दिवाळीच्या गर्दीत पुढच्या गाडीला पाय ठेवायला जागा नाही. बॅग भरली. शेले घेतले नाहीत. तिकडे उशा असतील.

दुपारी बसून वि.च्या कागदावर सही केली. तारीख टाकली नाही. म्हटलं, आधी तोल उतरवू, मग तारीख. नोकरी धरायची का क्लास, ते गाडीत ठरवू. एक माणूस दोन ठिकाणी नाही जात, पण निदान दोन ठिकाणी मी हवा तरी आहे. तोलचं मात्र दोन्हीकडे सारखंच. तो कोणालाच नको.

पान उघडलं. लाइन नेहमीप्रमाणे लंगडत. वर 'सदस्य' लिहिलेलं, त्याच्यापुढे तीन.

आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा उघडलं. तीन.

नाव नाही, नुसतं 'काटेवाला'. गाव कोणतं ते लिहिलेलं नाही. एकच ओळ:

कोनी हाय का इथं?

विजय असेल. मी उतरवलं की नाही ते पाहायला तोच आला असेल. 'कोनी हाय का' हे त्याचंच, पुण्याच्या आधीचं. किंवा राजूरकडचा कोणी, कोळशाच्या काट्यावरचा. किंवा दिवाणजी, कोणाच्या तरी पोराच्या मोबाइलवरून. किंवा खरंच कोणी. ज्याच्या काट्यावर आज दिवाळीत काही अडलंय आणि ज्याने या सगळ्या दुनियेत शोधून शोधून हेच दार ठोठावलंय.

विजयने विचारलं होतं, एक नाव सांगा. नाव तर अजूनही नाही.

लिहिलं: हाय. बोला.

पाठवा दाबलं. पडद्यावरचा तो बारीक काटा फिरायला लागला, फिरला, फिरला, आणि लाइट गेली.

गेलं की नाही, माहीत नाही. सही केलेला कागद काळ्या पडद्यासमोर. बाहेर पोरं उरलेले फटाके शोधताहेत, न वाजलेले.

पेपरातलं वेळापत्रक काढून पाहिलं. आजची लाइट पाचला येणार.

गाडी साडेचारची. बॅग दारात आहे.